टोकन देण्याआधीची कामं: नागपुरात छोटा धंदा किंवा फ्रँचायझी सुरू करणाऱ्यांसाठी

नागपुरातल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिणं आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरणं हे माझं काम. नवा धंदा काढायचा म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण टोकनची रक्कम देऊन झाल्यावर येतात. तोवर जागा पसंत झालेली असते, नातेवाइकांना सांगून झालेलं असतं, आणि मग माझ्यासमोर बसून पहिल्यांदा आकडे मांडले जातात. त्या क्षणी आकडे जुळले नाहीत तरी मागे फिरायला मन होत नाही. म्हणून या लेखात टोकनच्या आधीच्या कामांवर भर आहे. परवाने आणि नोंदण्या त्यामानाने सोप्या, त्या थोडक्यात उरकल्या आहेत.

आधी घरचा हिशेब

हातात असलेल्या पैशाचे कागदावर तीन वाटे करा. दुकान उभं करायचा खर्च, पहिल्या सहा महिन्यांत दुकानाला लागणारा वरचा पैसा, आणि त्याच सहा महिन्यांचा घरखर्च. माणसं पहिला वाटा धरतात, दुसरा अर्धामुर्धा धरतात आणि तिसरा विसरतात. मग पोरांची फी गल्ल्यातून जाते, मालाचे पैसे थकतात, आणि चालू शकलं असतं ते दुकान भांडवलाअभावी बसतं.

तिन्ही वाटे भरत नसतील तर धंद्याचा आकार लहान करा. गाळ्याऐवजी काउंटर घ्या, तीन पोरांऐवजी एक ठेवा, संध्याकाळपुरतं सुरू करा. घरात एक पगार येत असेल तर तो वर्षभर तरी सोडू नका.

फ्रँचायझी की स्वतःचं नाव?

माझं मत स्पष्ट आहे. जी वस्तू आपल्या शहरात चौकाचौकात उत्तम मिळते, तिची फ्रँचायझी घेऊ नये. सकाळी साडेसातला तर्री पोहे खाणारा माणूस बोर्ड वाचत नाही. तर्रीचा रंग आणि वर पडलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, पाहून तो थांबतो. चहाचं तेच, समोशाचं तेच. इथे नावाला पैसे मोजून तुम्हाला मिळतं ते सजवलेलं काउंटर आणि छापील कप.

जिथे ग्राहकाला मालाची पारख स्वतः करता येत नाही आणि तो नावावर विश्वास टाकतो, तिथे फ्रँचायझीला अर्थ आहे. रक्ताचे नमुने गोळा करायचं केंद्र, कुरिअर, चष्मे, लहान मुलांची शाळा ही अशी कामं. तिथे नाव, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण स्वतः उभं करायला वर्षं जातात.

कंपनीचा माणूस तुमच्यासमोर ‘फोफो’ आणि ‘फोको’ हे शब्द टाकेल. फोफोमध्ये पैसा तुमचा आणि दुकान चालवायचंही तुम्हीच. फोकोमध्ये पैसा तुमचा, चालवणार कंपनी, आणि तुम्हाला दरमहा ठरलेली रक्कम किंवा वाटा. ‘घरबसल्या महिना इतके हजार पक्के’ अशी फोकोची योजना ऐकलीत, तर ती हमी कोण देतंय, कशाच्या जोरावर देतंय आणि कंपनीने दुकान बंद केलं तर तुमच्या भाड्याचं काय, हे लेखी मागा. लेखी मिळालं नाही तर तिथेच थांबा.

जागा: डोकी मोजायला बसा

या कामाला सर्वात जास्त वेळ द्या.

जागा आवडली की तिच्या समोर वही घेऊन बसा. एक दिवस कामाचा, एक शनिवार, एक रविवार. सकाळी आठ ते दहा, दुपारी एक ते तीन, संध्याकाळी सहा ते नऊ. दर पंधरा मिनिटांना तीन आकडे लिहा: समोरून किती माणसं गेली, त्यातली किती कुठल्या ना कुठल्या दुकानाशी थांबली, आणि तुमच्यासारखाच माल विकणाऱ्या जवळच्या दुकानात किती शिरली. पहिला आकडा पाहून मन हरखतं. कामाचा आकडा तिसरा.

रस्त्याची बाजू पाहा. बेसा, बेलतरोडी, मनीषनगरकडची माणसं सकाळी शहराकडे जातात आणि संध्याकाळी परततात. सकाळच्या बाजूला नाश्ता खपतो. भाजी, बेकरी, औषधं आणि मुलांसाठी न्यायचा खाऊ परतीच्या बाजूला. मधे दुभाजक असेल तर समोरच्या बाजूचा ग्राहक तुमचा नाही, असंच धरून चाला.

उड्डाणपूल आला की हिशेब बदलतो. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल २०२० मध्ये खुला झाला, कामठी रोडवरचा २०२४ मध्ये. लांबची गाडी आता वरून निघून जाते. खालच्या दुकानाला उरतो तो आसपास राहणारा, तिथे काम असणारा आणि मेट्रोने उतरणारा ग्राहक. घरमालक मात्र अजूनही ‘मेन रोड’ म्हणूनच भाडं सांगतो. अशा ठिकाणी मोजणी पुलाखाली उभं राहूनच करा.

मग आपला उन्हाळा. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत दुपारी बारा ते पाच रस्ते ओस असतात. पारा ४५ अंशांवर गेला की रसवंती आणि कुलरवाले सोडले तर कुणाकडे गर्दी दिसत नाही. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. शाळा-कॉलेजच्या भरवशावर वह्या-पुस्तकं, झेरॉक्स किंवा नाश्ता विकणार असाल तर वर्षातले दोन-अडीच महिने जवळपास कोरडे जातात. भाडं बारा महिन्यांचं द्यायचं असतं. डिसेंबर-जानेवारीत जागा पाहिली असेल तर त्या गर्दीवरून वर्षाचा अंदाज बांधू नका. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडे दिसणारी वर्दळ मुक्कामाची नसते.

शेजारी विचारायला संकोच करू नका. पानठेल्यावाल्याला विचारा, “भाऊ, या गाळ्यात आधी कोण होतं? का सोडलं?” त्याच गाळ्यात दोन-तीन वर्षांत तीन भाडेकरू बदलले असतील तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. पार्किंग नाही, पावसात पाणी साचतं, वरच्या मजल्यावरचे लोक धुराची तक्रार करतात, अशी कारणं असतात. घरमालक ती सांगत नाही. पानठेलेवाला सांगतो.

आता आकडे मांडा

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. रकमा नमुन्याच्या आहेत, तुमच्या घालून पाहा. एका चहा-नाश्त्याच्या फ्रँचायझीचं छोटं काउंटर धरू.

दरमहा ठरलेला खर्च: भाडं २२,०००, तीन पोरांचे पगार ३९,०००, वीज आणि गॅस १४,०००, किरकोळ ५,०००. झाले ८०,०००. पाच लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ११,०००. शिवाय तुमचा स्वतःचा पगार, तो धरायचाच, २५,०००. एकूण १,१६,०००.

आता शंभर रुपयांच्या विक्रीतून काय उरतं ते पाहू. कंपनीकडून घ्यावा लागणारा माल ४५ रुपये. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतून कंपनीला द्यायचा वाटा, ६ टक्के, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७ रुपये ८ पैसे. नासाडी ३ रुपये. हातात राहिले साधारण ४५ रुपये.

१,१६,००० भागिले ०.४५, म्हणजे महिन्याला सुमारे २ लाख ५८ हजारांची विक्री लागते. दिवसाला जवळपास ८,६००. सरासरी बिल ६० रुपयांचं असेल तर रोज १४३ ग्राहक. दुकान सकाळी आठ ते रात्री नऊ उघडं असेल तर तासाला ११, म्हणजे साडेपाच मिनिटांना एक, आणि तेही एकही दिवस न चुकता. मे महिन्यात दुपारचे पाच तास वजा केले की उरलेल्या आठ तासांत तासाला १८ लागतात. आता वहीतला तिसरा आकडा काढा. शेजारचं चालतं दुकान त्या तासांत इतके ग्राहक घेतंय का?

हेच दुकान स्वतःच्या नावाने काढलं, रॉयल्टी नाही आणि इतवारीच्या बाजारातून घेतलेला माल ३८ रुपयांत बसला, तर शंभरातले ५९ उरतात. तेव्हा रोज १०९ ग्राहक पुरतात. रोजचे ३४ जास्तीचे ग्राहक केवळ नावामुळे येतील का, हा फ्रँचायझी घेण्याचा खरा प्रश्न. काही नावांच्या बाबतीत उत्तर हो असतं. पण ते मोजून काढायला हवं.

एक गोष्ट कंपनीचा विक्रेता सहसा बोलत नाही. रेस्टॉरंटवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करता येत नाही. तीन लाखांच्या फ्रँचायझी फीवर तुम्ही भरलेले ५४,००० रुपये, दर महिन्याच्या रॉयल्टीवरचा कर, फर्निचर आणि मशिनवरचा कर, सगळं तुमच्या खिशातून गेलेलं असतं. कपडे किंवा चष्म्यांचं दुकान असेल आणि तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर हा कर वळता होतो. त्यामुळे फीचा आकडा ऐकताना ‘अधिक जीएसटी’ हे दोन शब्द पकडा.

कंपनीची उलटतपासणी

नामांकित दूध ब्रँड, फास्ट फूडच्या साखळ्या, पेट्रोल पंप यांच्या नावाने हुबेहूब बनावट वेबसाइट काढून टोकन उकळण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. ओळखायची रीत सोपी. पैसे कंपनीच्या नावाच्या चालू खात्यात मागितले जातायत की कुणा व्यक्तीच्या खात्यात, ते पाहा. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळवा. कंपनी केव्हा स्थापन झाली, संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतं. फसलात तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता असते.

ज्या नावाचे पैसे मोजताय तो ट्रेडमार्क खरंच नोंदलेला आहे का, कुणाच्या नावावर आहे, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात फुकट पाहता येतं. ‘अर्ज केला आहे’ आणि ‘नोंदणी झाली आहे’ यात मोठा फरक आहे. अर्जावर हरकत आली आणि नाव गेलं, तर तुमचा बोर्ड उतरतो.

यानंतर चालू फ्रँचायझीवाल्यांना भेटा. कंपनीने दिलेल्या यादीतले दोन आणि स्वतः शोधलेले दोन, शक्यतो अमरावती, चंद्रपूर, वर्धा, रायपूर अशा आपल्यासारख्या हवामानाच्या शहरांतले. पुण्या-मुंबईचं दुकान पाहून आपला मे महिना कळत नाही. दुपारी निवांत वेळी जा, काहीतरी विकत घ्या आणि मग विचारा. एक दुकानदार असाच बोलता बोलता म्हणाला होता, “काकाजी, विक्रीचं सोडा. एप्रिलमध्ये माल वितळून आला तर परत घेतात का, ते विचारा.” कंपनीच्या माहितीपत्रकात न सापडणारा प्रश्न! आणखी विचारायचं ते असं: पहिल्या वर्षी घरातून किती पैसा घालावा लागला, माल वेळेवर येतो का, आणि आज पुन्हा संधी मिळाली तर हीच फ्रँचायझी घ्याल का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस किती वेळ घेतो, तेही पाहा.

बंद पडलेलं दुकान सापडलं तर त्याच्या मालकाला आवर्जून भेटा. इतर चौघांनी न सांगितलेलं तो सांगेल.

करार वाचताना

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. सगळं चालतं ते १८७२ च्या करार कायद्यावर, म्हणजे तुम्ही सही केलेल्या कागदावर. विक्रेत्याने फोनवर दिलेलं वचन त्या कागदात नसेल तर ते पदरात पडणार नाही.

वकिलाला दाखवाच, पण आधी स्वतः वाचा आणि या जागांवर पेन्सिलने खूण करा. क्षेत्र: तुमच्यापासून किती अंतरावर दुसरं दुकान देणार नाहीत, आणि त्यांची ऑनलाइन विक्री तुमच्या भागात आली तर वाटा कुणाचा. सक्तीची खरेदी: कोणता माल कंपनीकडूनच घ्यायचा, आणि दर वाढवताना किती आधी कळवणार. मुदत आणि नूतनीकरण: पाच वर्षांनी पुन्हा फी द्यायची का, दुकान नव्याने सजवायची सक्ती आहे का. अनामत: कधी, किती दिवसांत आणि कोणत्या कपातीनंतर परत. बाहेर पडणं: मध्येच सोडलं तर दंड किती, आणि दुकान दुसऱ्याला विकता येतं का.

करार संपल्यावर इतकी वर्षं तसाच धंदा करायचा नाही, असं कलम अनेक करारांत असतं. करार चालू असतानाची बंदी टिकते. संपल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या कलम २७ मुळे न्यायालयात टिकणं अवघड असतं. तरीही ते कलम काढून घ्यायचा प्रयत्न करा, कारण भांडण टळलेलं बरं. आणि वाद झाल्यास लवाद कुठे, हे बघा. दिल्ली किंवा बंगळूरु लिहिलेलं असेल तर चाळीस हजारांच्या अनामतीसाठी तिथे खेपा घालणं परवडणार नाही. ‘नागपूर’ लिहून मागा. मोठ्या कंपन्या ऐकत नाहीत, मध्यम कंपन्या ऐकतात.

गाळ्याचा करार

‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. फ्रँचायझीची मुदत पाच वर्षं आणि गाळ्याची ११ महिने असेल, तर सजावटीवर घातलेले लाखो रुपये घरमालकाच्या मर्जीवर लटकतात. दोन्ही मुदती जुळवा, वार्षिक भाडेवाढ टक्क्यांत लिहून घ्या, आणि सजावट चालू असतानाचा एक महिना भाडेमाफीचा मागा. बरेच मालक देतात.

जागा महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्यापैकी कुणाच्या अखत्यारीत येते आणि तिथे व्यापारी वापर मंजूर आहे का, हे तपासा. बेसा, पिपळा, हुडकेश्वरच्या बाजूला घराच्या पुढच्या खोल्या गाळे म्हणून दिल्या जातात, तिथे तर नक्कीच. वीज मीटर व्यावसायिक आहे का तेही पाहा. घरगुती मीटरवर दुकान चालवल्यास वीज कायदा, २००३ खाली दंडाची आकारणी होते, आणि ती तुमच्या गळ्यात पडते.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, आधारवर आणि पूर्णपणे फुकट. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी किंवा परवाना, उलाढालीनुसार. दुकाने व आस्थापना कायद्याखाली मोजक्या कामगारांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसलेली हवी, हे फ्रँचायझी कंपनीच्या डिझायनरला आधीच सांगा. व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे. जीएसटी नोंदणी सेवेसाठी २० लाख आणि निव्वळ मालविक्रीसाठी ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर सक्तीची. रेस्टॉरंट सेवेत मोडतं, म्हणजे वरच्या उदाहरणातलं दुकान, वर्षाला ३१ लाखांचं, नोंदणीत येतं. वजनकाटा असेल तर वैधमापनचा शिक्का दरवर्षी. गॅस १९ किलोचा व्यावसायिकच. अग्निशमन आणि महापालिकेच्या परवान्याचं तुमच्या प्रकाराला काय लागू होतं, ते आपल्या झोन कार्यालयात जाऊन विचारा.

स्वतःचं नाव वापरणार असाल तर त्याचा ट्रेडमार्क अर्ज पहिल्याच महिन्यात करा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी प्रति वर्ग ४,५०० रुपये आहे.

कर्ज

मुद्रा योजनेत तारण लागत नाही. शिशू ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या १५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना २५ टक्के अनुदान ठरलेलं आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा आणि सध्या कोणत्या प्रकाराचे अर्ज घेतायत ते तिथेच समजून घ्या.

अनुदानाचे पैसे हातात येत नाहीत. केंद्राच्या योजनेत ती रक्कम तीन वर्षं बँकेत तुमच्या कर्जाच्या नावे ठेव म्हणून राहते. म्हणून हप्त्याचं गणित अनुदान न धरता करा. आणि बँकेत जाताना वरची आकडेमोड व मोजणीची वही बरोबर न्या. छापील प्रकल्प अहवाल मॅनेजरने शेकड्याने पाहिलेले असतात. चौकात बसून लिहिलेले आकडे क्वचितच.

पहिले तीन महिने

उद्घाटन मार्च-एप्रिलमध्ये करू नका, शीतपेयं सोडून. जूनअखेर किंवा गणपतीच्या आधी सुरू केलं की दिवाळीपर्यंत हात बसतो. पहिले पंधरा दिवस जाहिरात न करता दुकान उघडा. पोरं शिकतात, चुका थोड्या लोकांसमोर होतात.

रोज रात्री गल्ला बंद करताना पाच आकडे लिहा: ग्राहक किती, विक्री किती, त्यात रोख किती आणि यूपीआय किती, माल किती फेकला. धंद्याचं यूपीआय वेगळ्या चालू खात्यावर घ्या. घरच्या खात्यात मिसळलेले व्यवहार मार्चमध्ये सोडवताना माझे आणि दुकानदाराचे, दोघांचेही दिवस जातात.

आणि दुकान उघडण्याआधीच, डोकं थंड असताना, एक आकडा आणि एक तारीख कागदावर लिहून घरातल्या दोघांच्या सह्या घ्या. उदाहरणार्थ, सहाव्या महिन्याच्या अखेरीस रोजचे ग्राहक ९० च्या खाली असतील, किंवा घरातून आणखी दोन लाखांच्या वर घालावे लागले असतील, तर दुकान विकायला काढायचं. गाळ्याच्या करारातला नोटीस कालावधी आणि फ्रँचायझीचा दंड याच कागदावर नोंदवा, म्हणजे त्या दिवशी बाहेर पडायला नेमके किती पैसे लागतील ते समोर असेल.